लिंबू-व्हिनेगरने धुतलेलं चांदीचं नाणं पुन्हा काळं, गुलाबी किंवा हिरवं का पडतं?

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. जुनं चांदीचं नाणं रात्रभर व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात ठेवलं, मळ निघाला, पण काळे डाग जागचे हलले नाहीत. किंवा काळेपणा थोडा उतरला, पण नाणं गुलाबी झालं. किंवा छान पांढरं निघालं आणि आठवडाभरात अक्षरांच्या खाचांत हिरवट पूड दिसू लागली. मग तेच नाणं पुन्हा ॲसिडात जातं, या वेळी जास्त वेळ आणि जास्त कडक द्रावणात, आणि दर फेरीला आणखी बिघडतं.

याचं मूळ एका समजुतीत आहे: ॲसिडने चांदीचा काळेपणा जातो. तो जात नाही. घरगुती सौम्य ॲसिड तांब्याचा गंज काढतं, चुन्याचा थर काढतं, मातीत घट्ट बसलेला क्षार सैल करतं. चांदीवरचा काळा थर हा सिल्व्हर सल्फाइडचा असतो, आणि हे संयुग पाण्यात तर नाहीच, व्हिनेगरमध्ये किंवा सायट्रिक ॲसिडमध्येही विरघळत नाही. तेव्हा नाणं भांड्यात टाकण्याआधी त्यावर नेमकं काय बसलं आहे ते ओळखायचं. निम्म्याहून जास्त काम तिथेच होतं.

आधी डाग ओळखा

खिडकीजवळ, उजेड तिरका पडेल असं नाणं धरा आणि दहा पट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून पाहा. नाणं कडेनेच धरायचं.

पिवळसर, तांबूस, जांभळट, निळसर आणि शेवटी काळा अशा छटा दिसत असतील आणि थर सपाट, पृष्ठभागात मुरल्यासारखा असेल, तर तो सल्फाइड. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडमुळे तो हळूहळू साचतो. थर जितका जाड तितका रंग गडद. रंगांचे पट्टे दिसतात ते थराच्या जाडीमुळे, वेगवेगळ्या रसायनांमुळे नाही. इथे ॲसिडचं काम नाही.

हिरवा किंवा निळसर-हिरवा, पूडीसारखा किंवा खवल्यासारखा डाग तांब्याचा. जुनी नाणी सहसा निव्वळ चांदीची नसतात, कारण निव्वळ चांदी हातोहात झिजते. अमेरिकेचे १९६४ पर्यंतचे डाइम, क्वार्टर आणि हाफ डॉलर ९० टक्के चांदीचे. ब्रिटिश अमलातल्या भारताचा ११.६६ ग्रॅमचा रुपया ९१.७ टक्क्यांचा. १७८० साल कोरलेला ऑस्ट्रियाचा मारिया थेरेसा थेलर ८३.३ टक्क्यांचा. ब्रिटनची नाणी १९२० मध्ये ९२.५ वरून ५० टक्क्यांवर आली, आणि भारताचा रुपया १९४० मध्ये ५० टक्क्यांवर. उरलेला भाग मुख्यतः तांबं, आणि गंजतं ते हेच तांबं. कस जितका कमी तितका हिरवा आणि तपकिरी गंज जास्त, आणि तितकंच ॲसिडने होणारं नुकसानही जास्त.

विटकरी लाल किंवा गडद तपकिरी, घट्ट चिकटलेला थर असेल तर तो तांब्याचा ऑक्साइड, म्हणजे क्युप्राइट. याच्याकडे नीट लक्ष द्या. नाणं गुलाबी होतं त्यामागे पुष्कळदा हाच असतो.

पांढरट, खडबडीत, टाचणीने टोचलं की कुरकुरणारा थर बहुधा चुन्याचा. जमिनीतून निघालेल्या नाण्यावर तो हमखास असतो. याच्यावर ॲसिड उत्तम चालतं.

राखाडी किंवा जांभळट-तपकिरी, मेणासारखा मऊ थर म्हणजे सिल्व्हर क्लोराइड. खारट माती, समुद्राचं पाणी, घाम यांतून तो येतो आणि उजेडात गडद होत जातो. सौम्य ॲसिडने हाही जात नाही.

शेवटचा प्रकार म्हणजे पारदर्शक हिरवट चिकटा, बोटाला तेलकट लागणारा. हा गंजाचा नसून पिशवीचा असतो. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात नाणी वर्षानुवर्षं राहिली की प्लास्टिक मऊ ठेवणारा पदार्थ बाहेर झिरपतो आणि सोबत आम्लही सुटतं. तो ॲसिटोनमध्ये निघतो. व्हिनेगरमध्ये घातलं तर वरचा चिकटा तसाच राहतो आणि खालचं तांबं मात्र खाल्लं जातं.

कोणती नाणी ॲसिडात घालूच नयेत

टांकसाळीची मूळ लकाकी अजून शाबूत असलेलं नाणं. नाणं फिरवलं की उजेडाचा पट्टा चक्राच्या आऱ्यांसारखा फिरतो, ती ही लकाकी. छापताना धातू बाहेरच्या बाजूला वाहतो, त्याच्या अतिसूक्ष्म रेषांमुळे ती येते. या रेषा इतक्या बारीक असतात की पाच मिनिटांच्या ॲसिडनेही बोथट होतात आणि पुन्हा कशानेच येत नाहीत. आरशासारखी पार्श्वभूमी असलेली प्रूफ नाणीही इथेच मोडतात.

संग्रहमूल्य असलेलं, एकसारख्या जुन्या छटेचं नाणं. जाणकार खरेदीदार ही छटा शोधत असतो. धुतलेलं नाणं भिंगाखाली लगेच कळतं, आणि प्रतवारी करणाऱ्या संस्था अशा नाण्याला नेहमीची श्रेणी न देता ते साफ केल्याचा शेरा मारतात. दुर्मीळ नाणं हाती असेल तर ते जसं आहे तसंच जाणकाराला दाखवा. काळं नाणं नंतर कधीही उजळता येतं, उजळलेल्या नाण्याची जुनी छटा मात्र परत आणता येत नाही.

मुलामा दिलेलं नाणं. चांदीचा थर कुठे उखडला असेल तर ॲसिड त्या भोकातून आत शिरतं, खालचं तांबं किंवा पितळ पोखरतं आणि मुलामा पापुद्र्यासारखा सुटतो. कडेला वेगळ्या रंगाची रेघ दिसते का ते बघा. वजन आणि व्यास नोंदीशी जुळवा. लोहचुंबकाला चिकटलं तर प्रश्नच मिटला, चांदी चिकटत नाही.

आणि अतिप्राचीन नाणी. शतकानुशतकं जमिनीत राहिलेली चांदी ठिसूळ होते. मिश्रधातूच्या कणांमधल्या सीमांवरून तांबं आधीच निघून गेलेलं असतं, आणि ॲसिड नेमकं तिथूनच आत जातं. असं नाणं टेबलावर पडलं तरी बिस्किटासारखं मोडू शकतं.

साहित्य आणि प्रमाण

लिंबाचा रस आणि व्हिनेगर यांपेक्षा सायट्रिक ॲसिडची पूड, म्हणजे लिंबूसत्त्व, वापरावी हे आमचं स्पष्ट मत. लिंबाच्या रसात ५ ते ६ टक्के सायट्रिक ॲसिड असतं, पण ते दर लिंबागणिक बदलतं, आणि रसातला गर व साखर खाचांत अडकते. बाजारातलं व्हिनेगर साधारण ५ टक्क्यांचं, पण त्यातून तांब्याचं ॲसिटेट तयार होतं. हिरव्या पूडीची तक्रार तिथूनच येते, त्याबद्दल पुढे. पूड मोजून घेता येते, त्यामुळे दर वेळी तेच द्रावण आणि तोच परिणाम मिळतो.

२५० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये ५ ग्रॅम पूड, म्हणजे २ टक्के. तांब्याच्या हिरव्या डागाला इतकं पुरतं. जाड चुन्याच्या थराला तेवढ्याच पाण्यात १२ ग्रॅमपर्यंत जाता येतं. त्याहून कडक द्रावणाने थर फारसा लवकर सुटत नाही, धातू मात्र जास्त जातो. व्हिनेगरच हाताशी असेल तर रंग नसलेलं घ्या आणि बरोबरीने पाणी घालून निम्मं पातळ करा.

भांडं काचेचं, चिनी मातीचं किंवा प्लास्टिकचं. स्टील, लोखंड, ॲल्युमिनियम नको. चिमटासुद्धा प्लास्टिकचा किंवा लाकडी. हा नियम इतका महत्त्वाचा आहे की एवढा एक पाळला तरी गुलाबी नाण्यांच्या बऱ्याचशा तक्रारी उद्भवणार नाहीत. हातमोजे नायट्रिलचे. लेटेक्सच्या मोज्यांत गंधक असू शकतं आणि त्यांचे ठसे चांदीवर उमटतात.

शिवाय खाण्याचा सोडा, शुद्ध ॲसिटोन, मऊ सुती कापड, लाकडी टूथपिक आणि जमल्यास ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा. नखांचं पॉलिश काढायचं द्रव ॲसिटोनऐवजी वापरू नका, त्यात तेल आणि सुगंध असतात.

कृती

१. नाण्याचं वजन करून लिहून ठेवा आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढा.

२. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून नाणं दहा मिनिटं भिजवा. मग वाहत्या पाण्यात खळबळा. टूथपेस्ट, दातांची पावडर, राख, घासणी, यांतलं काहीही नको. चांदी मऊ आहे, मोहसच्या कठीणतेच्या मापावर २.५ ते ३. मातीतल्या वाळूचा कण ७ चा. म्हणजे नुसत्या बोटाने मातकट नाणं चोळलं तरी ओरखडे पडतात.

३. पूर्ण सुकवून ॲसिटोनमध्ये पाच मिनिटं ठेवा. काचेची वाटी, उघडी खिडकी, जवळपास कुठेही आग नको. तेलाचा पातळ थर राहिला तर ॲसिड ठिपक्याठिपक्यांनी लागतं आणि नाणं चट्टेरी होतं.

४. आता ॲसिड. द्रावण खोलीच्या तापमानालाच ठेवा, गरम करू नका. एका वाटीत एकच नाणं, आणि ते पूर्ण बुडलेलं. याला कारण आहे. सौम्य ॲसिड तांब्याला एकटं खाऊ शकत नाही, त्याला हवेतला ऑक्सिजन लागतो. अर्धं बुडालेलं नाणं जिथे पाणी आणि हवा भेटतात तिथे सर्वांत जास्त खाल्लं जातं आणि मधोमध एक आडवी रेघ कायमची पडते.

५. दर दोन मिनिटांनी नाणं बाहेर काढून डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवा आणि भिंगातून पाहा. मऊ झालेला हिरवा थर ओल्या टूथपिकच्या टोकाने हलकेच सुटतो का ते बघा. सुटला तर तेवढंच, नाहीतर पुन्हा दोन मिनिटं. एकूण दहा मिनिटांच्या पुढे जाऊ नका. जाड चुन्याच्या थराला अर्धा तास लागू शकतो, पण तपासणी दोन-दोन मिनिटांचीच.

६. द्रावणाकडेही लक्ष ठेवा. पांढऱ्या कागदावर वाटी ठेवली की कळतं. द्रावणाला फिकट निळी-हिरवी झाक येऊ लागली म्हणजे तांबं सुटतं आहे. नाण्यावर हिरवा डाग असताना ते अपेक्षितच. डाग संपल्यावरही झाक वाढत असेल तर आता नाणं विरघळतं आहे, लगेच बाहेर काढा.

७. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम खाण्याचा सोडा, त्यात पाच मिनिटं. मग डिस्टिल्ड वॉटरच्या तीन वेगवेगळ्या वाट्यांत प्रत्येकी पाच मिनिटं. हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि तोच टाळला जातो.

८. कापडाने टिपा, पुसू नका. मग ॲसिटोनमध्ये एकदा बुडवून काढा, म्हणजे खाचांतलं पाणी निघून जातं. हवेत सुकू द्या आणि पुन्हा वजन करा. चुना आणि गंज गेल्यामुळे वजन उतरेलच. पण नाणं दिसायला स्वच्छ असताना दुसऱ्यांदा बुडवलं आणि वजन पुन्हा उतरलं, तर गेला तो धातू.

काळेपणा गेलाच नाही

सल्फाइडवर ॲसिड चालत नाही, मग कधीकधी लिंबाने नाणं उजळलेलं का दिसतं? कारण वरचा मेणचट मळ आणि तांब्याचा ऑक्साइड निघतो. शिवाय लोक लिंबाच्या सालीने घासतात, आणि घासण्याने सल्फाइडचा पातळ थर खरवडला जातो. त्याबरोबर चांदीही.

साध्या, जास्त किमतीच्या नसलेल्या नाण्यासाठी इथे उलटी रीत लागते. काचेच्या भांड्याच्या तळाशी ॲल्युमिनियमची फॉइल, त्यावर नाणं टेकवून, वरून ५०० मिली गरम पाण्यात १५ ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवून ओता. नाणं फॉइलला प्रत्यक्ष टेकलेलं हवं, अधांतरी राहिलं तर काही होत नाही. ॲल्युमिनियम झिजतं, सल्फाइडमधलं गंधक सुटतं आणि चांदी जागच्या जागी धातुरूपात परत येते. सडक्या अंड्याचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि इतर चांदी त्या खोलीतून हलवा. नाहीतर एक नाणं उजळताना शेजारचं काळं पडेल. एक मिनिटाने उलटा, आणखी एक मिनिटाने काढा, धुवा.

या पद्धतीत चांदी जात नाही हे खरं, पण परत आलेली चांदी भुसभुशीत, सूक्ष्म खडबडीत बसते. लकाकी येत नाही आणि असा पृष्ठभाग लवकर काळवंडतो. 'पंधरा दिवसांत पुन्हा काळं' या तक्रारीमागे अनेकदा हेच असतं. पातळ छटेला ही पद्धत ठीक. दाट काळ्या, जाड थराच्या नाण्यावर ती नको, खाली राखाडी निस्तेज पृष्ठभाग उघडा पडतो.

तयार मिळणाऱ्या चांदी उजळण्याच्या द्रवांत पुष्कळदा थायोयुरिया आणि ॲसिड असतं. थायोयुरियामुळे सल्फाइड खरोखर विरघळतं, म्हणून परिणाम काही सेकंदांत दिसतो. तितक्याच वेगाने पृष्ठभागही कुरतडला जातो. वापरायचंच असेल तर मोजे घालून, पाच सेकंदांच्या वर नाही, आणि लगेच भरपूर पाणी.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र फेसाळवून नाणं धुण्याची रीत मात्र सोडून द्या. ५ टक्क्यांच्या १०० मिली व्हिनेगरला ७ ग्रॅम सोडा पुरता निष्क्रिय करतो. फेस ओसरला की भांड्यात उरतं ते सोडियम ॲसिटेटचं पाणी, त्यात ना ॲसिडचा गुण ना सोड्याचा.

नाणं गुलाबी झालं

दोन कारणं आहेत आणि ती वेगळी ओळखायला हवीत.

पहिलं, लोखंडाचा स्पर्श. द्रावणात तांबं उतरलेलं असतं. त्यात लोखंडी चिमटा, टाचणी, सुरीचं टोक किंवा लोखंडी गाभ्याचं दुसरं नाणं चांदीला टेकलं की छोटी विद्युत घटमाला तयार होते. लोखंड झिजतं आणि तांबं चांदीवर चढतं. हा मुलामाच असतो, सगळीकडे सारखा, तांब्याच्या ताज्या तारेसारख्या रंगाचा. लोखंड नसेल तर द्रावणातलं तांबं नुसत्या चांदीवर आपोआप बसत नाही.

दुसरं, नाण्यावरचा तोच लाल तपकिरी क्युप्राइट. ॲसिडात तो सरळ विरघळून जात नाही. त्यातलं अर्धं तांबं द्रावणात जातं आणि अर्धं बारीक धातुरूपात जागेवरच उरतं. म्हणून इथे गुलाबी रंग चट्ट्यांचा असतो, जिथे आधी लाल थर होता तिथेच.

उपाय दोन्हींना एकच. ताजं २ टक्के सायट्रिक द्रावण ५० मिली, त्यात ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड १० मिली. नाणं प्लास्टिकच्या चिमट्याने धरून ३० सेकंद बुडवा, पाहा, गरज असेल तर आणखी ३० सेकंद. पेरॉक्साइड तांब्याचं ऑक्सिडीकरण करतं आणि ॲसिड ते उचलतं. बुडबुडे येतील, ते पेरॉक्साइडचे. द्रावण लगेच ओतून द्या. झाकणबंद बाटलीत ठेवलं तर वायू साठून बाटली फुटू शकते. आणि इथे सायट्रिकऐवजी व्हिनेगर कधीही घेऊ नका: पेरॉक्साइडबरोबर त्यातून पेरॲसिटिक ॲसिड तयार होतं, ते डोळ्यांना आणि श्वसनमार्गाला झोंबतं. हा उपाय मिश्रधातूतलं तांबंही उचलतो, म्हणून ५० टक्के कसाच्या नाण्यावर तो करू नका. तिथे गुलाबी छटा राहू द्यावी, हेच बरं.

नाणं पांढरंफटक, निस्तेज झालं

ॲसिडने पृष्ठभागातलं तांबं काढून घेतलं आणि भोकाभोकांची चांदी मागे उरली, इतकाच याचा अर्थ. टांकसाळी हीच गोष्ट मुद्दाम करत आल्या आहेत. कमी कसाच्या चकत्या छापण्याआधी ॲसिडात टाकायच्या, म्हणजे वरचं तांबं निघून नाणं शुद्ध चांदीसारखं पांढरं दिसतं. फरक असा की टांकसाळीत त्यानंतर ठशाचा प्रचंड दाब पडतो आणि ती भुसभुशीत चांदी दाबली जाऊन चमकते. घरी तो दाब नाही, म्हणून नाणं खडूसारखं दिसतं. उंच भाग, म्हणजे चेहऱ्याचा गाल, केसांची टोकं, किंचित गुळगुळीत राहतात आणि सपाट जागा पांढऱ्या पडतात, त्यामुळे चित्र उलटं, सपाट भासतं.

यावर खरा उपाय नाही. पॉलिश लावलं तर निस्तेजपणाच्या जागी ओरखडे येतील. स्वच्छ धुऊन, सुकवून तसंच ठेवा. काही वर्षांत हवेने पुन्हा हलकी छटा चढते आणि फटकपणा निवळतो. पुढच्या नाण्याला वेळ निम्मा करा.

हिरवं पुन्हा आलं

व्हिनेगरनंतर काही दिवसांत अक्षरांच्या मुळाशी, दाणेदार कडेच्या दातांत निळसर-हिरवी पूड दिसली तर ते तांब्याचं ॲसिटेट. भिंगाखाली पाहा: सपाट जागा स्वच्छ असते आणि पूड फक्त खोलगट ठिकाणी बसलेली असते. धुताना ॲसिड तिथे उरलं, त्याने तांबं उचललं आणि सुकताना तिथेच सोडलं. पुन्हा ॲसिड लावू नका. डिस्टिल्ड वॉटरमध्ये चोवीस तास भिजवा, पाणी दोनदा बदला, मग सोड्याचं पाणी, मग पुन्हा तीन वाट्या. बहुतेक वेळा एवढ्याने ते थांबतं.

मीठ घातलं असेल तर प्रकरण अवघड. मीठ-व्हिनेगरचं मिश्रण तांब्याची भांडी लखलखीत करतं, म्हणून लोक ते नाण्यालाही लावतात. पण त्यातलं क्लोराइड गंज भडकवतं आणि चांदीवर सिल्व्हर क्लोराइड बसवतं, जो थर मग ॲसिडने निघतच नाही. असं झालं असेल तर नुसतं भिजवणं आठवडाभर, रोज ताजं डिस्टिल्ड वॉटर. ब्लीच तर नाण्याच्या जवळही आणू नका.

सिल्व्हर क्लोराइड अमोनियात विरघळतं हे बरोबर, पण आम्ही घरी तो मार्ग सुचवत नाही. अमोनिया तांबंही उचलतो आणि नाण्यात खड्डे पाडतो. आणि चांदी उतरलेलं अमोनियाचं द्रावण साठवून ठेवलं तर त्यात स्फोटक गाळ तयार होऊ शकतो.

बुडबुडे, डाग, रेषा

नाणं ॲसिडात टाकताच बुडबुडे आले म्हणजे 'चांदी साफ होते आहे' असं नाही. सौम्य ॲसिडात ना चांदीतून वायू सुटतो ना तांब्यातून. चुन्याचा थर किंवा तांब्याचं हिरवं कार्बोनेट असेल तर ते कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे, आणि थर संपला की थांबतात. थांबत नसतील, एका खरवडलेल्या जागेतूनच सतत येत असतील, तर आत जस्त किंवा लोखंड आहे. नाणं मुलाम्याचं, लगेच काढा.

गोल, फिकट ठिपके सुकल्यावर दिसले तर ते नळाच्या पाण्याचे क्षार. डिस्टिल्ड वॉटर आणि शेवटी ॲसिटोन, दोन्ही केलं की जातात. एका दिशेने गेलेल्या बारीक समांतर रेषा मात्र पुसण्याच्या. त्या जात नाहीत.

धुतल्यावर लवकर काळं पडतं

ताजी उघडी पडलेली चांदी गंधकाला जास्त ग्रहणशील असते, म्हणून साठवण आता आधीपेक्षा काटेकोर हवी. रबरबँड, लोकर, फेल्ट, वर्तमानपत्र, साधा पुठ्ठा, रंगवलेली लाकडी पेटी, या सगळ्यांतून गंधकाची किंवा आम्लाची वाफ सुटू शकते. नाण्यावर रबरबँडच्या जाडीची काळी पट्टी उमटलेली पाहिली की कारण वेगळं शोधावं लागत नाही.

पॉलिएस्टर फिल्मचं पाकीट किंवा कडक पारदर्शक कॅप्सूल घ्या. पाकिटाला प्लास्टिकचा उग्र वास येत असेल आणि ते लोण्यासारखं मऊ असेल तर ते पीव्हीसीचं, नको. हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुडी आणि काळवंडणं रोखणारी कागदी पट्टी एकत्र ठेवा. जेलचा रंग बदलला की वाळवून पुन्हा वापरता येतं, पट्टी मात्र तिच्यावर लिहिलेल्या मुदतीनंतर टाकून द्यायची. डबा स्वयंपाकघरात किंवा न्हाणीघराच्या भिंतीलगत ठेवू नका. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला एकदा भिंगातून खाचा तपासा. हिरवं यायचं असेल तर ते बहुधा याच काळात दिसतं, आणि तेव्हा नुसत्या पाण्याने काम भागतं.